चेन बदलली तरी पुन्हा दात सोडते: घरच्या हत्यारांनी खरं कारण कसं शोधायचं

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. सपाट रस्त्यावर सायकल बरी चालते. मुंबईत केम्प्स कॉर्नरकडून पेडर रोडचा चढ लागला, किंवा सिग्नल सुटल्यावर जोर दिला, की खालून 'खट्' आवाज येतो, पाय रिकामा खाली जातो आणि मागून बस येत असताना तोल जायची वेळ येते. दुकानात नेली की चेनची जोडी कमी करतात, तेल सोडतात, फार तर फ्रीव्हील (मागच्या चाकाची दातचक्रं) बदलतात. पंधरा दिवस बरे जातात आणि परत तेच सुरू होतं.

पायाला झटका एकच जाणवतो, पण त्याच्यामागे निदान सहा वेगळे बिघाड असू शकतात. त्यातला कुठला, हे न मोजता हात घातला की नेमका चांगला भाग बदलला जातो आणि खराब तसाच राहतो. मोजायची साधनं घरी बनवता येतात आणि ती विकतच्या साधनांइतकंच खरं सांगतात. ज्या हत्यारावर अंगाचा सगळा जोर पडतो ते मात्र घरी बनवायच्या फंदात पडू नये. कुठलं बनवायचं आणि कुठलं विकत घ्यायचं, हे पुढे जागोजागी सांगितलं आहे.

आधी झटका मोजा

मागचं चाक अधांतरी हवं. चाळीच्या गॅलरीत किंवा पार्किंगमध्ये आडवा पाइप असेल तर दोरीचा फास करून त्यात सीटचं नाक अडकवा. पुढचं चाक जमिनीवर राहिलं तरी चालतं. दोरीखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, म्हणजे सीट कापत नाही. सायकल उलटी करून हँडल आणि सीटवर उभी करणंही चालतं, फक्त ऑइलचे डिस्क ब्रेक असतील तर उलटी करू नका, ब्रेकच्या लायनीत हवा शिरू शकते.

एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर अर्धा इंच असतं, त्याला इथे एक कडी म्हणू. पुढच्या चक्राला ४४ दात आणि चेनला ११० कड्या असतील तर चेनची पूर्ण फेरी पेडलच्या अडीच फेऱ्यांत होते. आपल्या सायकलचे दात आणि कड्या मोजून हा आकडा काढून ठेवा, कारण निम्मं निदान त्यातच आहे. पेडल हाताने उलटं आणि सुलटं फिरवत बघा. दर अडीच फेऱ्यांनी चेन एकाच कडीपाशी अडखळते, तर ती कडी कडक झाली आहे. चालवताना पेडलच्या प्रत्येक फेरीला, एकाच जागी खट् होतं, तर दोष चेनमध्ये नाही. तो कॉटर पिनमध्ये (क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, एक्सलला धरणारी पाचर), पेडलमध्ये किंवा चक्राच्या वाकलेल्या दातात आहे. झटक्याला काही ताल नाही, फक्त जोर दिल्यावर आणि एक-दोन ठरावीक गिअरवरच तो येतो, तर दात झिजले आहेत. सगळ्याच गिअरवर टकटक होते आणि चेन शेजारच्या दातांवर चढायला बघते, तर गिअरची केबल किंवा डिरेलर (चेन एका दातचक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ज्यावर बसतो तो हँगर तपासायचा.

आणखी एक प्रकार असतो. चेन दातांवर नीट बसलेली आहे, पेडल फिरतं, फ्रीव्हीलचे दातही फिरतात, पण चाक ओढलंच जात नाही. यात फ्रीव्हीलच्या आतल्या छोट्या खिट्ट्या घट्ट झालेल्या ग्रीसमुळे किंवा गंजामुळे उघडत नसतात. पाणी साचलेल्या रस्त्यावरून सायकल नेली की पावसाळ्यानंतर हे हमखास दिसतं. चाक आडवं ठेवून फ्रीव्हीलच्या फिरत्या फटीत सिरिंजने डिझेल सोडत, फिरवत राहा. खालून स्वच्छ डिझेल यायला लागलं की निथळू द्या आणि मग शिवणयंत्राच्या तेलाचे दहा-बारा थेंब घाला. इथे ग्रीस घालायचं नाही. एवढं करूनही घसरलं तर आतली स्प्रिंग गेली आहे, फ्रीव्हील बदला.

फूटपट्टी: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी

चेन मोजायला स्टीलची १२ इंची फूटपट्टी लागते. प्लास्टिकची नको, तिच्या खुणा भरवशाच्या नसतात. मागचा ब्रेक धरून पेडलवर हलका दाब द्या, म्हणजे वरची चेन ताठ होईल. पट्टीची शून्याची खूण एका पिनच्या डाव्या कडेला लावा आणि २४ कड्या मोजून पंचविसाव्या पिनची डावी कड कुठे येते ते बघा. नव्या चेनवर ती बरोबर १२ इंचांवर, म्हणजे ३०४.८ मिलिमीटरवर येते. १/१६ इंच पुढे गेली तर अर्धा टक्का झीज, १/८ इंच पुढे गेली तर एक टक्का.

मागे १० किंवा जास्त गिअर असतील तर अर्ध्या टक्क्यालाच चेन बदलावी. ६ ते ८ गिअर असतील तर ३०७ मिलिमीटरपर्यंत थांबता येतं. एका स्पीडची साधी सायकल एक टक्क्यापर्यंत चालवून घेते. पूर्ण चेन कव्हर असेल तर चेन काढून खिळ्याला टांगा आणि खालून ओढून मोजा. पट्टीचा कोपरा झिजला असेल तर शून्यापासून न मोजता १ इंचाच्या खुणेपासून ११ इंचांच्या खुणेपर्यंत मोजा. या १० इंचांत अर्धा टक्का म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर.

चेन ताणली असं आपण म्हणतो खरं, पण लोखंडी पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिन आणि तिच्याभोवतीचा भाग एकमेकांवर घासून झिजतात. एका सांध्यात जेमतेम ०.०६ मिलिमीटर झीज झाली तरी चेनभर ती अर्धा टक्का होते. कड्यांमधलं अंतर वाढलं की चेनचा रोलर दाताच्या मुळाशी बसत नाही, थोडा वर चढून बसतो आणि दातालाही त्याच मापाने झिजवतो. झिजलेली चेन आणि झिजलेले दात एकमेकांशी जुळवून घेतात, आवाज करत नाहीत. त्यावर नवी, नेमक्या अर्ध्या इंचाची चेन चढवली की रोलर झिजलेल्या खाचेत धरून राहत नाहीत आणि जोर दिला की उडी मारतात. "चेन बदलली तेव्हापासूनच त्रास सुरू झाला" ही तक्रार खोटी नसते. नवीन चेनमध्ये दोष नसतो, मागचे दात आधीच गेलेले असतात, इतकंच.

उलटंही होतं. नुसतं फ्रीव्हील बदललं आणि जुनी चेन ठेवली, तर तीच चेन नव्या दातांना थोड्या काळात जुन्याच्या रांगेत नेऊन बसवते. पंधरवड्यातून एकदा पट्टी लावायची सवय ठेवली आणि चेन वेळेवर बदलली, तर एका फ्रीव्हीलवर दोन-तीन चेन सहज निघतात. म्हणूनच सगळ्या हत्यारांत एकच घ्यायचं असेल तर ही पट्टी घ्या.

उरलेला चेनचा तुकडा फेकू नका

नवी चेन बसवताना १०-१२ कड्या बहुतेक वेळा जास्त होतात. तो तुकडा दात तपासायचं माप आहे. शंका असलेल्या दातचक्रावर तो गुंडाळा, एक टोक बोटाने दाबून धरा, दुसरं ताणा. सगळे रोलर दातांच्या मुळाशी बसले आणि हलवले तरी जागचे हलत नाहीत, तर दात ठीक आहेत. ताणाच्या बाजूचे रोलर दाताच्या पाठीवर चढतात किंवा मागेपुढे खेळतात, तर ते दातचक्र गेलं. आपण जो गिअर सगळ्यात जास्त वापरतो तोच आधी जातो, म्हणून तपासणी तिथून सुरू करा. हा तुकडा नव्याच चेनचा हवा आणि त्याला तेल लावून प्लास्टिकच्या डबीत ठेवायला हवा. गंजलेला तुकडा माप म्हणून कामाचा नाही.

चाकाची मोडलेली तारही (स्पोक) जपून ठेवा. २ मिलिमीटर जाडीची, म्हणजे १४ गेजची तार ८ सेंटिमीटर कापा, दोन्ही टोकं पकडीने १ सेंटिमीटर काटकोनात वळवा आणि कानशीने बोथट करा. चेन तोडताना किंवा जोडताना हा आकडा दोन्ही बाजूंच्या कड्यांत अडकवला की चेनचा ताण आकड्यावर राहतो आणि दोन्ही हात मोकळे मिळतात. डिरेलर ओढत असताना दोन टोकं हातांनी धरून पिन बसवायची कसरत संपते.

मागे कॅसेट असेल, म्हणजे दातचक्रं लॉकरिंगने (आट्यांच्या कड्याने) धरलेली असतील, तर ती खोलताना कॅसेट उलटी फिरू नये म्हणून धरून ठेवावी लागते. त्यासाठी जुन्या चेनचा हातभर तुकडा मोठ्या दातचक्राभोवती गच्च लपेटा आणि दोन्ही टोकं एकत्र करून व्हाइस ग्रिपच्या जबड्यात आवळा. व्हाइस ग्रिपचा दांडाच मूठ होतो. टोकं दातचक्राला जितकी चिकटून आवळाल तितकी पकड चांगली. ढिली राहिली तर चेन दातांवरून सुटते आणि बोटं दातांवर आपटतात, म्हणून जाड हातमोजे घालाच. स्क्रू-ऑन फ्रीव्हील असेल तर याची गरजच नाही, तिथे फक्त खाचांत बसणारा रिमूव्हर लागतो.

कडक कडी, आणि ती कुठून येते

कडक कडी सापडली की तिच्या दोन्ही बाजूंना चेन धरून आडवी, म्हणजे चेन जिकडे वाकत नाही त्या दिशेला, हळूच दोन्हीकडे वाकवा. पट्ट्या किंचित मोकळ्या होतात आणि कडी सुटते. गंजाने धरली असेल तर आधी तेलाचा थेंब टाकून तासभर थांबा.

पण सुटलेली कडी पुन्हा आवळते, आणि बहुधा तीच आवळते. कारण ती पिन कधीतरी खिळा आणि हातोडीने ठोकून बसवलेली असते. साध्या सायकलची १/८ इंची चेन जाड असते, ती हे सहन करते. गिअरच्या अरुंद चेनची बाहेरची पट्टी ठोकताना वाकते, पिन तिरकी बसते आणि भोक मोठं होतं. अशी कडी कितीही सैल केली तरी टिकत नाही. तिच्या बाहेरच्या पट्ट्यांची जोडी काढून टाकावी आणि त्या जागी मिसिंग लिंक (हाताने जोडता-सोडता येणारी कडी) घालावी. चेन कटर विकतच घ्या. घरी बनवलेल्या कटरमध्ये पिन सरळ रेषेत ढकलली जात नाही आणि आपण ज्यासाठी खटपट करतोय तोच दोष नव्याने तयार होतो.

साध्या चेनच्या जोडाला स्प्रिंग क्लिप असते. तिचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला हवं, म्हणजे वरच्या बाजूला पुढे, चक्राकडे. उलटी बसवली तर चेन कव्हरला घासून क्लिप उडते.

एका स्पीडच्या सायकलला

दूध, पाव, डबे पोहोचवणाऱ्या सायकलींवर वजन जास्त आणि थांबणं-निघणं सतत. इथे चेन उडण्याची दोन कारणं वरचेवर दिसतात.

पहिलं, मागचं चाक पुढे सरकणं. चेनच्या मधोमध बोटाने वर-खाली दाबली तर १० ते १२ मिलिमीटर खेळ हवा. पेडल फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा, कारण चक्र जरा जरी बाहेर असेल तर चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी ढिली होते. माप ताठ जागेचं धरायचं. आवळलेलं चाक आठवड्यात पुन्हा सरकत असेल तर नट नव्हे, नटाखालचा वॉशर बघा. वॉशरचे दाते बोथट झालेले असतात किंवा तो गुळगुळीत साधा वॉशर असतो. दातेरी वॉशर घाला, फ्रेमच्या त्या खाचेवरचा सुटलेला रंग खरवडून काढा आणि एक्सलच्या आट्यांना तेलाचा एक थेंब द्या. गंजलेल्या आट्यांवर नट आवळला जातो असं वाटतं, पण तो आट्यांवरच अडकलेला असतो.

दुसरं, कॉटर पिन. क्रँक किंचित खेळत असेल तर दर फेरीला पाय खट्कन सरकतो आणि माणूस चेनला दोष देतो. एक क्रँक खाली आणि एक वर ठेवून दोन्ही हातांनी एक सुलटी आणि दुसरी उलटी फिरवायचा जोर द्या, खेळ लगेच कळतो. कॉटर पिन हातोडीने ठोकून काढली-बसवली की आतल्या वाटीला छर्ऱ्यांचे खड्डे पडतात, मग एक्सलच खडखडतो. इथे घरचं हत्यार खरोखर छान काम करतं: ४ इंची मजबूत सी-क्लॅम्प आणि २ सेंटिमीटर लांबीचा अर्ध्या इंची जीआय पाइपचा तुकडा. पिनचं डोकं ज्या बाजूला आहे तिथे क्रँकला पाइप टेकवायचा, म्हणजे निघणारी पिन पाइपच्या पोकळीत जाईल. नट सैल करून आट्यांच्या टोकाशी आणायचा, क्लॅम्पचा स्क्रू त्यावर टेकवून आवळायचा. पिन 'टक्' करून सुटते. नवी पिन बसवताना क्लॅम्प उलटा धरून डोक्याकडून दाबायची आणि मगच नट लावायचा. नटाने पिन ओढून घ्यायचा प्रयत्न केला की आटे जातात. क्लॅम्प स्वस्तातला ओतीव लोखंडाचा नको, तो जोरात फुटतो. नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांच्या दुकानांत घडीव पोलादाचा मिळतो, आणि तो आयुष्यभर पुरतो.

गिअरच्या सायकलला: आधी केबल, मग हँगर

चेन दोन दातचक्रांच्या मध्ये घुटमळत असेल तर लगेच स्क्रू फिरवायला जाऊ नका. सगळे गिअर एकदा वर, एकदा खाली टाकून बघा. केबल ओढली जाते त्या दिशेला गिअर पटकन पडतो आणि सुटते त्या दिशेला आळसावतो, तर आउटरच्या, म्हणजे केबलवरच्या नळीच्या, आत घर्षण आहे. मुंबईची दमट, खारी हवा आणि सांताक्रूझला पावसाळ्यात पडणारा दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आउटरच्या उघड्या तोंडातून आत जातो. सगळ्यात आधी मागच्या डिरेलरजवळचा वळणाचा तुकडा गंजतो. नेमका तोच बदला. कापल्यावर आउटरचं तोंड चपटं होतं, ते कानशीने काटकोनात सपाट करा आणि आतली प्लास्टिकची नळी दाभणाने गोल उघडा. हे केलं नाही तर नवी केबलही पहिल्या दिवसापासून अडते. बऱ्याच वेळा सगळं दुखणं एवढंच असतं.

केबल सरकन चालते आणि तरीही मधल्या गिअरला जुळवलं की टोकाचा बिघडतो, टोकाचा जुळवला की मधला, तर डिरेलर ज्या कानावर बसतो तो हँगर वाकलेला आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दहा सायकली एकमेकींवर रेललेल्या असतात, एक ओढली की दुसरी गिअरच्या बाजूवर पडते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण २-३ अंश वाकणंही पुरेसं असतं.

हँगरच्या भोकाला १० मिलिमीटर व्यास आणि १ मिलिमीटर अंतराचे आटे असतात. गिअरच्या सायकलींच्या बऱ्याच मागच्या एक्सलना हेच आटे असतात, त्यामुळे भंगारातल्या हबचा सरळ एक्सल इथे बसतो. जुन्या धाटणीचे काही एक्सल ३/८ इंच व्यासाचे आणि इंचाला २६ आट्यांचे असतात. दिसायला सारखे, पण व्यास साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास. व्हर्नियरने मोजल्याशिवाय फिरवू नका आणि पहिले दोन-तीन आटे बोटांनी सहज गेले तरच पुढे जा.

साहित्य: हा एक्सल, त्याच आट्यांचे ३ नट, २५ × ३ मिलिमीटरची ३५ सेंटिमीटर लांब लोखंडी पट्टी, १० सेंटिमीटर तार आणि जुन्या ट्यूबच्या कापलेल्या दोन कड्या. पट्टीच्या एका टोकापासून २ सेंटिमीटरवर १० मिलिमीटरचं भोक पाडा. तार पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडे आडवी ठेवून ट्यूबच्या कड्यांनी बांधा, म्हणजे ती सरकवता येईल पण आपोआप हलणार नाही.

मागचं चाक खाचेत नीट बसवून आवळा. ५ मिलिमीटरच्या ॲलन कीने डिरेलर काढा. एक्सल बाहेरून हँगरमध्ये फिरवा, पण आतल्या बाजूला इतका पुढे नको की दातचक्राला लागेल. पहिला नट हँगरच्या बाहेरच्या पृष्ठभागावर आवळा, म्हणजे आट्यांमधला खेळ जाईल. मग पट्टी उरलेल्या दोन नटांच्या मध्ये अशी धरा की ती फिरेल, पण डुलणार नाही.

आता चाकाचा व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणा, पट्टी तिथे न्या आणि तारेचं टोक रिमला जेमतेम टेकवा. मग पट्टी आणि चाक दोन्ही एकत्र फिरवून तोच व्हॉल्व्ह खाली, पुढे आणि मागे न्या आणि प्रत्येक वेळी तारेच्या टोकापासून रिमपर्यंतचं अंतर मोजा. रिमची एकच जागा मोजायची, कारण चाकाला आऊट असला, म्हणजे रिम फिरताना डावी-उजवी डुलत असली, तरी मग फरक पडत नाही. फ्रेमचा दांडा आडवा आला तर तार सरकवा, पण तिचं रिमकडचं टोक मूळ जागी परत आणा. चारही ठिकाणी ४ मिलिमीटरच्या आत फरक असेल तर ७-८ गिअरना चालतो. जास्त असेल तर पट्टी काढून हँगर कापडात गुंडाळा, स्क्रू पान्याच्या जबड्यात घट्ट धरा आणि थोडा-थोडा वाकवून पुन्हा मोजा. मोजायची पट्टी दांडा म्हणून वापरू नका, ती वाकली की पुढची सगळी मापं खोटी. फ्रेमचाच भाग असलेला लोखंडी हँगर वाकवून घेतो. ॲल्युमिनियमचा वेगळा हँगर एखाद्या वेळी सरळ होतो, दुसऱ्यांदा वाकला तर तो बदला, कारण तडा गेलेला हँगर तुटून डिरेलर चाकाच्या तारांत जातो.

दुसऱ्या सायकलचं, याच आट्यांच्या एक्सलचं मागचं चाक मिळालं तर काहीच बनवायला नको. त्या चाकाचा एक्सल हँगरमध्ये फिरवा, दोन चाकं शेजारी-शेजारी उभी राहतील. दोन्ही रिममधलं अंतर चार ठिकाणी मोजा, काम झालं.

हब ढिला असेल तर वरचं सगळं फुकट

रिम हाताने डावी-उजवी हलवा. फ्रेमच्या सापेक्ष 'टुक-टुक' खेळ असेल तर हबमधले छर्रे दाबून धरणारा एक्सलवरचा कोन सैल आहे, आणि जोर दिला की चाक तिरकं होऊन चेनची रेषा बदलते. साधा पाना जाड असतो, तो कोनच्या अरुंद कडेवर बसत नाही. एखादा स्वस्त पण घडीव पाना घेऊन (पुढच्या हबला बहुधा १३, मागच्याला १५, तरी मोजून घ्या) ग्राइंडरवर त्याचं तोंड दोन्ही बाजूंनी घासून अडीच मिलिमीटरवर आणा. दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवा. लोखंड निळं पडलं तर त्याचा कडकपणा गेला, तो पाना पहिल्याच आवळणीत उघडतो. पत्र्याचा कापून केलेला पानाही असाच उघडतो.

हब पूर्ण खोलायचा असेल तर खाली जुन्या स्पीकरचं चुंबक ताटलीत ठेवा, छर्रे पळत नाहीत. मागच्या हबला साधारणपणे दर बाजूला १/४ इंचाचे ९ छर्रे असतात. एक जरी हरवला किंवा खड्डा पडलेला असला तर सगळा संच बदला. ग्रीस सुई नसलेल्या १० मिलिलिटरच्या सिरिंजने भरा. कोन जुळवल्यावर त्याच्यावरचा चेकनट आवळताना कोन सोबत फिरतो, आणि "काल घट्ट केला, आज ढिला" याचं कारण तेच. कोन बारीक पान्याने जागेवर धरूनच चेकनट आवळायचा. क्विक रिलीज (नटाऐवजी लिव्हरने आवळायचं चाक) असेल तर चाक बाहेर असताना किंचित खेळ ठेवा, लिव्हर दाबल्यावर तो जातो. नटवाल्या एक्सलला खेळ ठेवायचा नाही.

धुणं आणि तेल

मिसिंग लिंक किंवा क्लिपची चेन काढून एक लिटरच्या बाटलीत टाका, २०० मिलिलिटर डिझेल घाला, झाकण लावून दोन मिनिटं हलवा. डिझेल काढून दुसऱ्या बाटलीत रात्रभर ठेवा. गाळ खाली बसतो आणि वरचं पुन्हा वापरता येतं. गटारात ओतू नका. चेन साबणाच्या पाण्यातून काढून उन्हात किंवा पंख्याखाली पूर्ण वाळवा, मग छोट्या सिरिंजने प्रत्येक रोलरवर एक थेंब २०-४० इंजिन ऑइल. ११० कड्यांना ५-६ मिलिलिटर पुरतं. दहा मिनिटांनी बाहेरून कापडाने कोरडी पुसा. बाहेरचं तेल काही उपयोगाचं नाही, ते फक्त वाळू धरतं. खोबरेल तेल थंडीत गोठतं आणि फ्रीव्हीलच्या आतल्या खिट्ट्या घट्ट करतं, ते नको. गंज काढायला संडास साफ करायचं ॲसिड वापरतात, ते तर कधीच नको. ॲसिडने चेनचं पोलाद ठिसूळ होतं आणि पट्ट्या न सांगता तडकतात.

पावसाळ्यात सायकल घरी आणली की पाच मिनिटं पुसा, आणि आठवड्यातून एकदा तेल.

विकतच घ्यायची हत्यारं

चेन कटर, फ्रीव्हील रिमूव्हर आणि निपलची (तारेच्या रिमकडच्या छोट्या नटाची) चावी, ही तीन. फ्रीव्हील पेडल मारताना आपोआप आवळत जातं, त्यामुळे ते प्रचंड घट्ट असतं. रिमूव्हरचा आकार नेमका जुळायला हवा, खाचा एकदा तुटल्या की फ्रीव्हील तोडूनच काढावं लागतं. रिमूव्हर बसवल्यावर एक्सलचा नट किंवा क्विक रिलीज त्यावर हलका लावून ठेवा म्हणजे तो उडत नाही, आणि फ्रीव्हील अर्धा आटा सुटलं की लगेच तो सैल करा. पान्याला दोन फुटी जीआय पाइप लावला की ताकद पुरते. परत बसवताना आट्यांना ग्रीस लावायला विसरू नका.

निपल पकडीने फिरवली की कडा गोल होतात आणि मग चावीही बसत नाही. आऊट बघायला मात्र स्टँड नको. फ्रेमच्या दोन्ही दांड्यांना केबल टाय बांधून शेपट्या रिमपासून २ मिलिमीटरवर कापल्या की बस. टायरच्या बाजूने बघताना निपल घड्याळाच्या दिशेने फिरवली की तार आवळते. एका वेळी पाव फेरी, त्याहून जास्त नाही.

सगळं जुळल्यावर पहिली चाचणी सीटवर बसूनच करा, उभं राहून पेडल मारू नका. रिकाम्या गल्लीत मागचा ब्रेक अर्धा दाबून जोर द्या, चढावर पडतो तेवढाच ताण चेनवर पडतो. प्रत्येक गिअरवर पाच-सहा वेळा असं करा. एखाद्याच गिअरवर चेन अजूनही सुटत असेल तर नव्या चेनचा तुकडा घेऊन त्या एका दातचक्राकडे परत या.